खजिन्याचा दरवाजा आणि पोकळ फौज

एका राज्यात खजिन्याच्या दरवाजाला तोंड होतं. लोखंडी ओठ, पितळी दात आणि आवाज असा खणखणीत, की चौकात भाजी विकणाऱ्या बाया दचकून तराजू खाली ठेवत. हा दरवाजा राजाला भीक घालत नसे, सेनापतीला तर नाहीच नाही. तो एकाच माणसाचं ऐके, आणि तो माणूस म्हणजे राज्याचा सबनीस.

सबनीस म्हणजे फौजेची हजेरी घेणारा. त्या राज्याची चाल अशी, की सबनिसाने जन्मात शस्त्र धरायचं नाही. दरसाल दसऱ्याआधी त्याने मैदानातल्या दगडी कट्ट्यावर उभं राहायचं आणि एकेका शिपायाला नाव घेऊन हाक मारायची. पुढ्यात कागद नाही. नावं तोंडपाठ हवीत. शिपायाने स्वतःच्या तोंडाने 'हजर' म्हणायचं. त्याच्या वतीने दुसऱ्याने म्हटलेलं चालत नसे. कट्ट्याची करणीच अशी होती, की तिथून मारलेली हाक पार सरहद्दीवरच्या काळखिंडीत ऐकू जाई आणि तिथल्या पहारेकऱ्यांचा 'हजर' डोंगरांवरून उड्या मारत परत येई. मग सबनीस दारूगोळा पेटवून बघे, घोड्यांच्या पाठी चाचपून बघे आणि खजिन्यापाशी जाऊन उभा राही.

"किती हजर?" दरवाजा विचारी.

सबनीस सांगे. दरवाजा तेवढ्यांचा पगार, तेवढ्यांचं धान्य, तेवढ्यांची दारू बाहेर सोडी आणि तोंड मिटून घेई. सबनिसाने एक जरी माणूस फुगवून सांगितला, तर दरवाजा त्याच्या तोंडावर थुंके. लोखंडाची थुंकी ती! महिनाभर गंज निघत नसे.

शिपायांना हे आवडत असेल असं वाटतं तुम्हाला? छे! "रक्त आम्ही सांडायचं आणि मोजायचं या धोतरवाल्याने!" असं ते मिशीतल्या मिशीत म्हणत. पण पगार वेळेवर मिळे, तोफा वेळेवर उडत, म्हणून कुरकुर मिशीच्या बाहेर येत नसे.

राजा उदयभानाच्या कारकिर्दीत काळखिंडीपलीकडून दगडमुखे चालून आले. धड माणसाचं, तोंड दगडाचं, आणि भूक वाटेत येईल त्याची. सेनापती शार्दूलराव फौज घेऊन गेला, खिंडीत तुंबळ लढाई झाली आणि दगडमुखे पळाले. शार्दूलराव परतला, भर दरबारात उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, विजय झाला. आपला एकही माणूस पडला नाही."

एकही माणूस पडला नाही! राजाला आनंदाने काही सुधरेना. त्याने बेल-भंडारा हातात घेतला आणि सगळ्यांदेखत शपथ वाहिली, "अशा फौजेची हजेरी कसली घ्यायची? आजपासून हजेरी बंद. माझ्या फौजेला कुणी किती म्हणून विचारणार नाही." बेलाचं पान कपाळाला लावून त्याने देव्हाऱ्यात ठेवलं.

त्याच क्षणी खजिन्याच्या दरवाजाचा जबडा निखळला. तोंड सताड उघडं राहिलं आणि आवाज बंद झाला. पुढे ज्याला जे हवं ते त्यातून उचलून न्यावं, विचारणारं कुणी नाही. म्हातारे सबनीस घरी आले, पागोटं खुंटीला टांगलं आणि त्याच साली गेले. दुखणं म्हणाल तर कसलंच नव्हतं. राजा वाईट नव्हता हो. आनंदात माणूस हवं ते बोलून जातो, तसाच तोही बोलला. फक्त त्याच्या हातात राज्य होतं, आणि म्हणूनच मला त्याचा अजून राग येतो.

वर्षं गेली. फौज मैदानात अशी लखलखे, की परदेशचे वकील डोळ्यांवर हात धरत. एकही शिपाई कमी झाला नाही, म्हणून नवी भरतीही झाली नाही. खजिना मात्र आटत चालला. छावणीच्या पलीकडे धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाने एक बुरूज बांधायला घेतला होता. या मांत्रिकाच्या डोक्यावर केसांऐवजी धूर होता. बुरूज दरसाल एक मजला चढे आणि त्याला दगड कुठून येतात, हे कुणीच विचारत नसे. विचारायची सवयच मोडली होती ना!

एके दिवशी भर दुपारी, दरबार भरलेला असताना, एक माणूस उंबरठ्यात येऊन कोसळला. गालफडं बसलेली, पायाला चिंध्या. तो काळखिंडीच्या चौकीचा नाईक, सटवाजी.

"म्हाराज," तो म्हणाला, "खिंडीत मूठभर उरलोय. धान्य येत न्हाई. तोफंची दारू पेटत न्हाई. खाली दगडमुखे जमलेत. चार दिसांत वर येतील."

"माझी फौज लाखाची आहे!" राजा गरजला.

"लाख हायेत, तर येत का न्हाईत, म्हाराज?"

राजाने शार्दूलरावाकडे पाहिलं. "फौज पुरी आहे, महाराज," शार्दूलराव म्हणाला. पण बोलताना त्याची नजर फरशीवर होती.

तेव्हा सबनिसाच्या रिकाम्या आसनामागून म्हाताऱ्या सबनिसांची मुलगी सुगुणा पुढे आली. मुलं पाढे म्हणतात तशी ती लहानपणी फौजेची नावं म्हणायची, आणि अजून एकही नाव विसरली नव्हती. "महाराज, हजेरी घेऊ द्या," ती म्हणाली. "माझा दादा हंबीर आघाडीच्या पथकात आहे. खिंडीत पहिला तोच जाईल. न पेटणारी दारू देऊन त्याला मी मरायला धाडणार नाही."

"शपथ आहे, सुगुणा. राजाने शपथ मोडली तर राज्य बुडतं."

"मोडू नका ना!" खिडकीतून कुणीतरी कर्कश ओरडलं. बघतात तर तिथे एक टिटवी बसलेली. "शपथ खोट्यावर उभी असली तर ती आपोआप पडते. राजाला तीन खोट्या वस्तू आणून दाखवा. न पेटणारी दारू, न झिजलेली नाल आणि ओ न देणारा शिपाई. तिन्ही समोर आल्या की बेलाच्या पानाचं काय होतं ते बघा. आणि अशी तोंडं उघडी टाकून बघू नका, माशी जाईल."

टिटवी बोलते याचं कुणाला नवल वाटलं नाही. ती इतकं उर्मट बोलते याचं मात्र वाटलं. राजा म्हणाला, "जा सुगुणा. तिन्ही आण. पण दगडमुखे खिंड चढायच्या आत आण."

सुगुणेने पदर खोचला आणि निघाली. टिटवी तिच्या डोक्यावरून घिरट्या घालत, तिची अक्कल काढत बरोबर निघाली.

पहिल्यांदा दारूखाना. त्याच्या दाराशी पितळेचे दोन सिंह बसले होते आणि ज्याच्या अंगावर शस्त्र असेल त्याला ते फाडून खात. सुगुणेजवळ शस्त्र कुठलं? ती खुशाल पुढे गेली. पण डावा सिंह उठला, गुरगुरला आणि तिच्या कमरेशी नाक लावून हुंगू लागला.

"बाई, कमरेला काय आहे?" टिटवी ओरडली.

"पानाची चंची!"

"चंचीत काय आहे?"

चंचीत अडकित्ता होता! सुगुणेने तो लांब भिरकावला. सिंह पुन्हा खाली बसला आणि जांभई देऊ लागला. ती आत शिरली. छतापर्यंत पिंपं रचलेली. तिने एकातून चिमूट काढली आणि बरोबर आणलेल्या निखाऱ्यावर टाकली. भडका नाही, आवाज नाही. चिमूट निखाऱ्यावर तशीच पडून राहिली. दुसरं पिंप, तिसरं पिंप, तेच. सगळी चुलीतली राख, काजळीत मळलेली! सुगुणेने मूठभर राख पदरात बांधली आणि संतापाने एका पिंपाला लाथ मारली. पायाला लागलं, पण बरं वाटलं.

मग पागा. पागेभोवती एक खंदक होता आणि त्याच्या दिशेने पाऊल टाकलं की तो एक हात रुंद होई. सुगुणा धावली तर तो नदीएवढा झाला. ती थांबली, घाम पुसला, पुन्हा धावली. आता पलीकडचा काठच दिसेना.

"पाठ फिरव आणि उलटी चाल," टिटवी म्हणाली. "त्याला वाटेल तू चाललीस घरी."

सुगुणा पाठमोरी चालू लागली. खंदक आकसत आकसत इतका अरुंद झाला, की तिने तो न बघता ओलांडला. आत घोडेच घोडे! पांढरे, अबलख, कुमैत, एकापेक्षा एक तुकतुकीत. कोणाचंही मन हरखून जावं. पण सुगुणेला काहीतरी खटकलं. तिने नाक वर करून वास घेतला. पागेत लिदीचा वास नव्हता. माशा नव्हत्या. हजारो घोडे उभे आणि जमीन देवघरासारखी स्वच्छ! तिने ओंजळभर हरभरे पुढे केले. एकानेही मान वळवली नाही. फक्त पार मागच्या ओळीतून एक हडकुळी घोडी धडपडत आली, हरभरे खाऊन तिचा हात चाटू लागली, आणि तिच्यामागून आणखी काही तशीच बरगड्या दिसणारी जनावरं आली. पागेत जिवंत होती ती तेवढीच. सुगुणेने त्यांना सगळे हरभरे दिले. मग समोरच्या रुबाबदार घोड्याचा खूर उचलला. खूर कापसासारखा हलका लागला. इतकी वर्षं मैदानात दौडणाऱ्या त्या घोड्याच्या नालेवर साधा ओरखडा नव्हता. तिने नाल काढली. घोडा धुरासारखा विरला आणि नाल तेवढी हातात राहिली.

"दोन झाल्या!" सुगुणा ओरडली. तिचं काळीज नुसतं उड्या मारत होतं. आपण हे करू शकतो, दादा वाचणार, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"तिसरी अवघड आहे," टिटवी म्हणाली. या वेळी ती चेष्टेच्या सुरात बोलली नाही.

छावणी नजर पोचेल तिथवर पसरलेली. शिपाई ओळीने उभे, भाल्यांची टोकं चमकताहेत. मधून मधून एखादा मळक्या कपड्यांतला, भुकेने पिवळा पडलेला शिपाई बसलेला दिसे. ते सुगुणेला बघून उठले, रामराम घातला. उभे होते ते हलले नाहीत. सुगुणेने मोठ्याने हाक दिली, "महाराजांपुढे माझ्याबरोबर कोण येतो?"

ओळीतून एकच जण बाहेर आला. तो हंबीर होता.

"दादा!" सुगुणा धावत गेली. "तू नको रे. मला ओ न देणारा शिपाई हवाय. तू मागे हो."

हंबीर तिच्याकडे बघत उभा राहिला. तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. मग तिला आठवू लागलं. लढाईनंतर हंबीर दर भाऊबिजेला घरी येई, पाटावर बसे, ती ओवाळी, तो ओवाळणी घाली आणि उठून जाई. बोलत काही नसे. वहिनी, म्हणजे हंबीरची बायको वेणू, एकदा तिला म्हणाली होती, "वन्सं, हे माझ्याशी बोलत नाहीत. जेवत नाहीत. रात्री अंथरुणाला सुरकुती पडत नाही." आणि सुगुणेने तिलाच झाडलं होतं. "मोठा हुद्दा मिळाला की पुरुष कमी बोलतात, वहिनी. उगाच काहीबाही मनात आणू नका."

सुगुणेने हंबीरच्या छातीवर हात ठेवला. चिलखत गार होतं आणि त्याच्या आत वारा वाहत होता.

टिटवी तिच्या शेजारी उतरली. "तुझा दादा खिंडीतच गेला, बाई. त्याच लढाईत. हवा तर दुसरा शिपाई ने, यांच्यात पोकळ पुष्कळ आहेत. पण हजेरी सुरू झाली की ह्याचंही नाव येणार."

सुगुणा बराच वेळ रडली. खिंडीच्या दिशेने पहिला इशाऱ्याचा धूर वर चढला, तेव्हा तिने डोळे पुसले. "नाही," ती म्हणाली, "ह्यालाच नेते. तेवढीच त्याच्याबरोबर चालत जाईन." गावातून जाताना लोक हंबीरला बघून हात हलवत होते, पोरं मागे धावत होती, आणि सुगुणा त्याचा रिकामा हात धरून चालत होती.

दरबारात राजाने राख दिव्यावर धरली, दिवाच विझला. नाल बोटाने चाचपली; त्याचा चेहरा उतरला. मग हंबीरसमोर उभं राहून त्याने स्वतः हाक मारली, "हंबीर!" हंबीरने ओ दिली नाही. देव्हाऱ्यातलं बेलाचं पान चुरचुरलं आणि त्याचा भुगा झाला.

तेव्हा शार्दूलराव गुडघ्यांवर आला. "मी पुरलं त्यांना, महाराज. माझ्या हातांनी पुरलं. खाली उतरताना वाटेवर आया उभ्या होत्या. त्यांना काय सांगू? तिथे धूम्रकेश भेटला. म्हणाला, एकही कमी होऊ देणार नाही, सगळे उभे करतो. घोडेसुद्धा. फक्त मेलेल्यांच्या वाट्याचं जे येईल ते माझं. मला वाटलं, थोडं धान्य जाईल, थोडा पैसा जाईल. आयांना त्यांची मुलं तर दिसतील!"

"आणि जिवंत उपाशी मेले," सटवाजी म्हणाला.

राजा सुगुणेकडे वळला. "सबनीस," तो सुगुणेला म्हणाला, "हजेरी घ्या."

मैदानावर सगळं गाव लोटलं. सुगुणा कट्ट्यावर चढली. पहिलं नाव घेताना आवाज चिरकला, दुसऱ्याला सावरला, आणि मग काय विचारता! नावामागून नाव, हाकेमागून हाक. जिथून 'हजर' आला तिथला माणूस उभा राहिला. जिथून आला नाही तिथे धुराचा एक लोट, चिलखताचा खणखणाट, आणि जागा मोकळी! ओळीच्या ओळी विरू लागल्या. काळखिंडीच्या पथकाची नावं आली तेव्हा सगळं मैदान कान देऊन उभं राहिलं, आणि डोंगरांवरून, लांबून, थकलेले पण धडधडीत आवाज आले, "हजर! हजर! हजर!" लोकांनी पागोटी हवेत उडवली. राजाही उडवणार होता, पण मुकुट जड होता.

हजेरी संपली. मैदान मोकळं झालं. काही जिवंत शिपाई, आणि ऐन मधोमध हंबीर. सुगुणेने त्याचं नाव घेतलंच नव्हतं.

सगळ्यांना कळलं होतं. राजाने घसा खाकरला. "असू दे," तो हलकेच म्हणाला. "लाखातला एक. एकाने काय बिघडतं?"

पण खजिन्याचा दरवाजा तसाच आ वासून मुका होता. आणि बुरुजाच्या सज्ज्यावर धूम्रकेश हसत उभा होता. "एकाने काही बिघडत नाही, महाराज! एक पुरे आहे मला!" त्याने डोक्यावरचा धूर हलवला. हंबीरच्या मागे एक हंबीर उभा राहिला. दोघांच्या मागे दोन, चौघांच्या मागे चार. धुराची ओळ मैदानभर धावू लागली आणि जिवंत शिपाई तिच्याखाली दिसेनासे होऊ लागले. खिंडीच्या बाजूला दुसरा इशाऱ्याचा धूर चढला. दगडमुखे चढायला लागले होते!

"हाक मार!" टिटवी किंचाळली.

"नाही मारवत गं!" सुगुणा कट्ट्यावर डोकं धरून ओरडली. "त्याला वाचवायला तर मी निघाले होते!"

तेव्हा गर्दीतून वेणू पुढे आली. नीटनेटकं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती कट्ट्याच्या पायथ्याशी थांबली. "वन्सं," ती म्हणाली, "हाक मारा. इतकी वर्षं मी धुराला पाणी वाढतेय. माझा माणूस गेलाय, आणि मला रडायलासुद्धा मिळालं नाही. मला रडू द्या."

सुगुणेने तिच्याकडे पाहिलं. खाली उतरली, तिचा हात धरून तिला कट्ट्यावर घेतलं, आणि दोघी शेजारी उभ्या राहिल्या. मग सुगुणेने छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली,

"हंबीर!"

हाक मैदानावरून गेली, डोंगरांवरून गेली, खिंडीत गेली आणि तशीच परत आली. ओ आली नाही. हंबीरचं चिलखत जमिनीवर पडलं. त्याच्या मागचे सगळे हंबीर फुंकर मारल्यासारखे विझले.

आणि धूम्रकेशाच्या डोक्यावरचा धूर संपला! टक्कल पडलेला मांत्रिक आक्रसू लागला; पोराएवढा, मांजराएवढा, बोटाएवढा, आणि शेवटी धान्यातला किडा होऊन सज्ज्यावर सरपटू लागला. टिटवी सरळ खाली झेपावली आणि तिने तो गिळला. "कडू आहे," ती म्हणाली. बुरूज तडकला. आतून गहू, बाजरी, खरी दारू, पगाराच्या थैल्या, इतक्या वर्षांचं सगळं भळभळा वाहत मैदानात आलं. तिकडे दरवाजाचा जबडा खटकन जागेवर बसला आणि तो आवाज पुन्हा गावभर घुमला,

"किती हजर?"

सुगुणेने आकडा सांगितला. राजा तो ऐकून पांढराफटक पडला. "इतकेच?"

"इतकेच," दरवाजा म्हणाला. "पण आता ह्यांना मी पोटभर घालीन. आणि तू गप्प उभा राहा, मला काम आहे."

त्यानंतर जे झालं त्याला धांदल म्हणायचं, घाई म्हणायचं की सण म्हणायचं, मला ठरवता येत नाही. चौकात चुली पेटल्या. बायांनी भाकऱ्या थापल्या, शिपायांनी उभ्याउभ्या खाल्ल्या. पागेतल्या हडकुळ्या घोड्यांनी दाण्याच्या चंदीत तोंडं बुडवली. दारूचं एकेक पिंप सुगुणेने स्वतः पेटवून पाहिलं आणि खरं निघालं तसं गाड्यावर चढवलं. गावातले तरणे पोरगे नावं द्यायला धावले. शार्दूलराव राजापुढे आला, तलवार पायाशी ठेवली.

"शिक्षा नंतर," राजा म्हणाला. "आधी खिंड."

"आणि पुढची वाट मी दावतो," सटवाजी म्हणाला.

दगडमुखे खिंडीच्या तोंडाशी पोचले होते. इतकी वर्षं ती लखलखणारी फौज लांबून बघून ते चढायला भीत होते; भूक अनावर झाली तेव्हा कुठे ते खाली जमले होते. आता ती नाहीशी झालेली बघून नाचत वर येत होते. वर त्यांना काय भेटलं? पोट भरलेले शिपाई आणि पेटणारी दारू! तोफांच्या पहिल्या बाराला खिंड हादरली. दगडाची तोंडं फुटून गडगडत खाली गेली. चौकीवरच्या उपाशी शिपायांनी गावाकडून येणारी कुमक पाहिली आणि असा आरडाओरडा केला, की तोफा कुठल्या आणि माणसं कुठली ते कळेना. तिन्हीसांजेच्या आधी दगडमुखे डोंगराच्या पार झाले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

सेनापतीची तलवार सटवाजीकडे गेली. दसऱ्याआधीची हजेरी पुन्हा सुरू झाली. ज्यांचे गेले होते त्यांच्या मुलाबाळांना दरवाजा दरसाल आपणहून बोलावून त्यांचा वाटा देऊ लागला. शार्दूलरावाला राजाने शिक्षा दिली ती अशी: गेलेल्यांच्या एकेका घरच्यांना त्याने खिंडीत न्यायचं, जागा दाखवायची आणि माणूस कसा गेला ते खरं सांगायचं. शिक्षा लहान वाटते ना? करून बघा.

वेणू आणि सुगुणा गेल्या त्या दिवशी खिंडीत ऊन होतं. शार्दूलरावाने एका दगडापाशी थांबून डोकं उघडं केलं. "हा हंबीर," तो म्हणाला. "इथल्या तोफेपाशी होता."

"कसे गेले?" वेणूने विचारलं.

शार्दूलराव घुटमळला. "तोफ उडेना. वात ओली होती. तो शिव्या देत होता."

"कुणाला?"

"वात भिजवणाऱ्याला. तोफेला. मला." शार्दूलरावाने दगडावरची माती झटकली. "वात पेटेपर्यंत देत होता. पेटली, तोफ उडाली, पुढची फळी साफ झाली. मग एक धोंडा आला. पडल्यावरही एक शिवी पुरी केली त्याने. बाईमाणसांपुढे सांगण्यासारखी नाही."

वेणू दगडाजवळ बसली. तिने पदर तोंडाला लावला, आणि सुगुणेला वाटलं आता ही रडणार. पण वेणू हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहतंय, खांदे हलताहेत, आणि ती हसतेय.

"हेच ते," ती म्हणाली. "वन्सं, हेच माझं माणूस."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मनसोक्त रडल्या, अगदी ऊन उतरेपर्यंत. त्या राज्यात जिवंतांना अन्न मिळालं, गेलेल्यांना विसावा मिळाला, राहिलेल्यांना रडायला जागा मिळाली. तुमच्याआमच्या दारीही तसंच घडो, आणि ही गोष्ट इथे सुखाने टेको.